इगतपुरी : घाटमाथ्यावरील आगगाडीचें गांव

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्यास थांबते, मागें जादा एंजिनें लागतात आणि मग चढण सुरू होते. सुमारें साडेनऊ मैलांच्या वाटेंत गाडी ९७२ फूट वर चढते. चढाव कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. ही चढण संपते तेथें इगतपुरी लागते. या चढणीनेंच हें गांव वाढविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

थळ घाटाची वाट मात्र पुरातन. कोंकणांतील बंदरांकडून देशावर जाणारा माल बैलांच्या पाठीवरून याच खिंडीनें चढे. भोंवतालीं कोळी, ठाकूर व कुणबी यांची वस्ती. भात आणि नागली हीं त्यांचीं पिकें. पाऊस वर्षाला शंभर इंचांहून अधिक, त्यामुळें घाटांतील बांधकामास कोरडे महिनेच काय ते मिळत. जी. आय. पी. कंपनीची गाडी १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत आली. घाट चढावयास तिला आणखी चार वर्षें लागलीं. १ जानेवारी १८६५ रोजीं हा मार्ग खुला झाला. कंपनीचे मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले हे तो दिवस पाहण्यास उरले नव्हते. १८६२ सालींच त्यांचें निधन झालें होतें. खडक फोडणाऱ्या मजुरांचीं नांवें तर कोठेंच लिहिलेलीं नाहींत. आरंभीं घाटांत एके ठिकाणीं गाडीची दिशा उलट करावी लागे. पुढें मार्ग वळवून ती अडचण दूर करण्यांत आली.

चढून आलेल्या एंजिनास पाणी हवें, कोळसा हवा, तपासणी हवी. म्हणून येथें शेड व कारखाना झाला, फिटर, फायरमन, खलाशी यांच्या चाळी उठल्या, गोऱ्या व अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचे बंगले व प्रार्थनामंदिरें आलीं. थंड हवेसाठीं मुंबईकर साहेबही येत. १९०१ च्या खानेसुमारींत गांवाची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आंत होती. तालुक्याची कचेरी येथें असली, तरी बाजाराचा खरा आधार रेल्वेचा पगार हाच.

१९३० च्या सुमारास घाटांत विजेचीं एंजिनें आलीं. त्यांतील मालगाड्यांच्या लांबट एंजिनांना कामगार 'खेकडा' म्हणत. पुढें इगतपुरीच्या पूर्वेस निराळ्या दाबाची वीज आली, तेव्हां मुंबईकडचें एंजिन येथें सोडून दुसरें जोडणें भाग पडलें. हा खोळंबा प्रवाशांस जाच वाटे. फलाटावरील वडेवाल्यांस व चहावाल्यांस तोच संसार होता. २००६ च्या सुमारास घाटांतील वीजही पूर्वेकडच्यासारखी झाली आणि एंजिन बदलण्याची गरज सरली.

२००१ व २०११ या दोन्ही गणनांत गांवाची वस्ती तीस हजारांच्या घरांत राहिली. शतकांत चौपट झालेलें गांव त्या दहा वर्षांत जवळजवळ जागींच थांबलें. १९७६ पासून 'धम्मगिरी' येथें विपश्यनेसाठीं देशोदेशींचे साधक येतात, पण ते मौन पाळणारे. बाजारांत त्यांचा वावर तो किती असणार! २०२५ सालीं नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपुढील अखेरचा टप्पाही खुला झाला. त्यावरील वाहनें जवळपास आठ किलोमीटरांच्या बोगद्यांतून परभारें निघून जातात. गाडीला मात्र घाटाची चढण टळलेली नाहीं. मागून लावलेलीं एंजिनें अजूनही इगतपुरीसच सुटतात, आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक येथेंच तपासले जातात.