आघात व अनुबंधविषयक ऑनलाइन मानसोपचार

आघात व अनुबंधविषयक ऑनलाइन मानसोपचार ही मानसिक आघाताचे आणि बालपणातील बिघडलेल्या जवळिकीचे दूरगामी परिणाम भोगणाऱ्या व्यक्तींना दृक्‌श्राव्य संवाद, दूरध्वनी किंवा लिखित संदेशांच्या माध्यमातून दिली जाणारी उपचारसेवा आहे. तीत उपचारक आणि उपचारार्थी भिन्न ठिकाणी असतात व ठरलेल्या वेळी, बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तासाचे सत्र होते. भारतात या सेवेचा विस्तार २०२० च्या कोविड-१९ साथीपासून वेगाने झाला. मुंबई महानगर प्रदेशाच्या पूर्व टोकावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांच्या संदर्भात ही सेवा विशेष महत्त्वाची ठरते. मुंबईपासूनचे अंतर, दाट वस्तीतील लहान घरे आणि स्थलांतराचा इतिहास ही त्याची कारणे आहेत.

संज्ञा

'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द मराठीत सामान्यतः मनोविकारांवर औषधोपचार करणाऱ्या वैद्यकीय पदवीधर डॉक्टरांसाठी वापरला जातो. 'चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ' हे मानसशास्त्राच्या शाखेतून आलेले असतात. ते मानसिक चाचण्या व संवादाधारित उपचार करतात, औषधे देत नाहीत. 'समुपदेशक' ही तिसरी, अधिक सैल संज्ञा आहे. ऑनलाइन सेवा देणारी व्यक्ती या तिन्हींपैकी कोणत्याही वर्गातील असू शकते. तिचा वर्ग जाणून घेणे हे उपचारार्थीच्या दृष्टीने पहिले पाऊल होय.

'मानसिक आघात' म्हणजे जिवाला, शरीराला किंवा प्रतिष्ठेला गंभीर धोका निर्माण करणारी घटना व तिचा मनावर राहिलेला ठसा. 'अनुबंध' म्हणजे मूल आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यात निर्माण होणारे जिव्हाळ्याचे, सुरक्षिततेचे नाते.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

अनुबंध सिद्धान्ताचा पाया ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी घातला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी तयार केलेला, आईपासून दुरावलेल्या मुलांच्या मानसिक आरोग्यावरील अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी प्रथम युगांडात व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता व बालकांचे निरीक्षण केले. त्यांनी अनुबंधाचे सुरक्षित, टाळणारा आणि द्विधा असे तीन प्रकार मांडले. मेरी मेन व ज्युडिथ सॉलोमन यांनी त्यात 'विस्कळीत' हा चौथा प्रकार जोडला. ज्या व्यक्तीने आधार द्यायचा तीच भीतीचे कारण असल्यास मुलाची जी कोंडी होते, तिचे वर्णन या चौथ्या प्रकारात येते. सिंडी हझन व फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हा विचार प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लागू केला.

'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत १९८० मध्ये प्रथम समाविष्ट झाले. घटना पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि सतत सावध व दचकलेल्या अवस्थेत राहणे ही तिची प्रमुख लक्षणे आहेत. दीर्घकाळ चाललेल्या अत्याचारात याखेरीज भावनांवरील ताबा सुटणे, स्वतःविषयी घृणा वाटणे आणि नाती टिकवता न येणे असे परिणाम दिसतात. त्यासाठी 'जटिल आघातोत्तर तणाव विकृती' हे स्वतंत्र निदान आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आले. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आघात आणि अनुबंध या दोन विषयांचा एकत्र विचार होतो, तो याच कारणाने.

हा सिद्धान्त भारतीय कुटुंबाला लावताना काळजी घ्यावी लागते. आजी, आत्या, मावशी, काकू आणि थोरली भावंडे यांच्या हातांवर वाढणाऱ्या मुलाचा अनुबंध एकाच व्यक्तीशी नसतो. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथात भारतीय बालपणाच्या या वेगळेपणाची चर्चा केली आहे.

इतिहास

दूरस्थ मानसोपचाराचे प्रयोग १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का येथे दुतर्फा दूरचित्रवाणीच्या साहाय्याने झाले. महाराष्ट्रात आपत्तीचे मानसिक परिणाम अभ्यासाचा विषय झाले ते प्रामुख्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर. मानसोपचारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांचा त्या कामात सहभाग होता.

ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन झाली. मराठीतून मानसिक आरोग्याविषयी बोलण्याची सवय लोकांना लावण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. दूरध्वनी, ईमेल आणि संदेश या माध्यमांतून प्रशिक्षित समुपदेशक उपलब्ध करून देणारा तो देशातील महत्त्वाचा प्रयत्न होता.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी होती. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने दूरस्थ मानसोपचारासाठी स्वतंत्र मार्गदर्शन तयार केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे संवाद साधता येतो.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर

ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ओळीने वसलेली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची सुमारे २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची सुमारे १ लाख ७४ हजार होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. नोकरीसाठी रोज लोकलने जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाला दवाखान्याच्या वेळेत तज्ज्ञापुढे बसणे अवघड जाते. शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यात आहे. राज्यात अशी रुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी आहेत. रात्री साडेनऊनंतर किंवा रविवारी मिळणारे ऑनलाइन सत्र या परिसरात सोयीचे वाटते, त्यामागे हा दिनक्रम आहे.

या शहरांना सामूहिक आघाताचा इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसवली गेली आणि वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही 'कॅम्प' या नावानेच ओळखले जातात. सिंधी निर्वासितांचा हा अनुभव नंदिता भवनानी यांच्या 'द मेकिंग ऑफ एक्झाइल' (२०१४) या ग्रंथात आला आहे. फाळणीच्या मानसिक परिणामांकडे भारतीय मनोवैद्यकाने दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले नाही, याची चर्चा संजीव जैन व आलोक सरीन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात (२०१८) आहे. गमावलेल्या घराविषयी न बोलणारे आजी-आजोबा आणि त्या मौनात वाढलेली पुढची पिढी, हा अनुबंधविषयक उपचारात पुढे येणारा विषय आहे.

उल्हास नदीच्या पुराचे अनुभव अलीकडचे आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा तडाखा या पट्ट्याला बसला. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा घटनेनंतर प्रत्येकाला उपचार लागतात असे नाही. बहुसंख्य लोक कुटुंब व शेजाऱ्यांच्या आधाराने सावरतात. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व तपशील बोलून घेण्याची पूर्वीची पद्धत आता शिफारशीत राहिलेली नाही. त्याऐवजी सुरक्षितता, अन्न-निवारा, आप्तांशी संपर्क आणि न दडपता ऐकून घेणे, अशा मानसिक प्रथमोपचाराची शिफारस केली जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन लहान मुलींच्या लैंगिक शोषणाची तक्रार पुढे आली. २० ऑगस्ट रोजी बदलापूर स्थानकात नागरिकांनी दीर्घ काळ रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. मुलांच्या आघाताची ओळख, पालकांनी मुलाशी कसे बोलावे आणि शाळेची जबाबदारी काय, हे प्रश्न त्यानंतर राज्यभर चर्चिले गेले.

उपचाराचे स्वरूप

ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात मांडलेली तीन टप्प्यांची चौकट मोठ्या प्रमाणावर वापरली जाते: प्रथम सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि शेवटी दैनंदिन जीवनाशी पुन्हा जोडणी. ऑनलाइन उपचारात पहिल्या टप्प्याला अधिक वेळ द्यावा लागतो. उपचारार्थी सत्राच्या मध्ये सुन्न झाला, तर पडद्यापलीकडून त्याला पाणी देता येत नाही. म्हणून श्वासाची लय, पायांखालच्या जमिनीची जाणीव, खोलीतील पाच वस्तूंची नावे घेणे यांसारखी तंत्रे आधी शिकवली जातात. कठीण आठवणींकडे वळणे त्यानंतरच होते.

आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार, दीर्घ सामोरेपणाचा उपचार आणि फ्रान्सीन शॅपिरो यांनी विकसित केलेला डोळ्यांच्या हालचालींवर आधारित 'ईएमडीआर' हे प्रमुख उपचारप्रकार आहेत. ईएमडीआरमध्ये उपचारकाच्या बोटांऐवजी, हात छातीवर फुलीसारखे ठेवून स्वतःच आलटून पालटून थोपटण्याची 'फुलपाखरू मिठी' ऑनलाइन सत्रात उपयोगी पडते. ही पद्धत मेक्सिकोत १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर वाचलेल्या लोकांबरोबर काम करताना पुढे आली.

अनुबंधविषयक उपचारात उपचारक व उपचारार्थी यांचे नाते हेच मुख्य साधन असते. ठरलेली वेळ पाळणे, रजेची आगाऊ सूचना देणे, संदेशांना कधी उत्तर मिळेल हे स्पष्ट सांगणे या साध्या गोष्टींतून विश्वासार्हतेचा अनुभव घडतो. जाळ्यातील बिघाडाने संवाद अचानक तुटला, तर सोडून दिल्याची जुनी भीती उफाळू शकते. त्यामुळे 'जोडणी तुटल्यास कोण कोणाला फोन करील' हे पहिल्याच सत्रात ठरवले जाते.

एकांताचा प्रश्न

चाळीत, कॅम्पमधील बराकीत किंवा एका खोली-स्वयंपाकघराच्या सदनिकेत स्वतंत्र खोली मिळणे कठीण असते. काही जण गच्चीवर, उभ्या वाहनात किंवा घर रिकामे असताना सत्र घेतात. कानातील ध्वनियंत्र, 'हो-नाही' अशी उत्तरे पुरतील असे प्रश्न, बोलण्याऐवजी लिहिणे आणि कोणी आत आल्यास विषय बदलण्यासाठी ठरवलेला सांकेतिक शब्द, असे उपाय योजले जातात. अत्याचार करणारी व्यक्ती त्याच घरात असल्यास ऑनलाइन उपचार धोकादायक ठरू शकतो. तेव्हा घराबाहेरील सुरक्षित जागा किंवा प्रत्यक्ष भेट हाच मार्ग उरतो. वीज जाणे, सामाईक मोबाइल आणि कुटुंबीयांना ठाऊक असलेला संकेतशब्द या अडचणी वेगळ्याच.

पात्रता व कायदा

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार कार्यरत भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम हा दीर्घकाळ मुख्य मार्ग राहिला. समुपदेशकांना मात्र अशी सक्तीची नोंदणी बराच काळ नव्हती. अल्प मुदतीच्या प्रमाणपत्रावर 'ट्रॉमा तज्ज्ञ' म्हणवून घेणे त्यामुळे शक्य झाले. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ मध्ये वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचा समावेश करून ही पोकळी भरण्याची तरतूद झाली.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा व स्वतःची नोंद पाहण्याचा अधिकार आहे. या गोपनीयतेला मर्यादा आहेत. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ खाली दंडनीय अपराध आहे. उपचारकही याला अपवाद नाही. ही गोष्ट उपचार सुरू होण्यापूर्वी सांगणे आवश्यक असते. अन्यथा विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोलिसांपर्यंत गेल्यावर उपचारार्थीला दुसरा आघात बसू शकतो.

दूरवैद्यक तत्त्वांनुसार अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखालील औषधे ऑनलाइन सल्ल्यावर सामान्यतः लिहून देता येत नाहीत.

परिणामकारकता व मर्यादा

आघातोत्तर तणावावर दृक्‌श्राव्य माध्यमातून दिलेला सामोरेपणाचा उपचार प्रत्यक्ष उपचाराच्या तोडीचा ठरू शकतो, असे अमेरिकेतील माजी सैनिकांवरील अभ्यासांत आढळले आहे. हे निष्कर्ष दाटीच्या घरांत राहणाऱ्या भारतीय उपचारार्थींना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी उपचारातील तूट ७० ते ९२ टक्के आढळली. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

आत्महत्येचा तातडीचा धोका, वास्तवाचे भान सुटणे, तीव्र व्यसनाधीनता आणि घरात चालू असलेली हिंसा या स्थितींत केवळ ऑनलाइन उपचार पुरेसा नसतो. म्हणून जबाबदार उपचारक प्रत्येक सत्राच्या आरंभी उपचारार्थीचा त्या क्षणीचा पत्ता विचारतो आणि जवळच्या एका विश्वासू व्यक्तीचा व रुग्णालयाचा क्रमांक आधीच नोंदवून ठेवतो. तातडीच्या प्रसंगी ११२, बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

उपचारकावरील परिणाम

आघाताच्या कथा सतत ऐकणाऱ्या उपचारकालाही झोपमोड, संशयीपणा व भावनिक बधिरता जाणवू शकते. याला 'परोक्ष आघात' म्हणतात. लिसा मॅककॅन व लॉरी पर्लमन यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. स्वतःच्या घरातून काम करणाऱ्या ऑनलाइन उपचारकाला दवाखान्यातून घरी परतण्याचा मधला वेळ मिळत नाही आणि बोलायला सहकारीही जवळ नसतो. ज्येष्ठ तज्ज्ञाचे नियमित पर्यवेक्षण, दिवसातील सत्रांवर मर्यादा आणि कामाची वेगळी जागा हे त्यावरील मान्य उपाय आहेत. ज्या उपचारकाला असे पर्यवेक्षण आहे, त्याच्याकडे जाणे उपचारार्थीच्याही हिताचे असते.

हे सुद्धा पहा

अनुबंध सिद्धान्त
आघातोत्तर तणाव विकृती
उल्हासनगर
टेलि-मानस
भारताची फाळणी
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७