कुत्रा चावल्यावर जखमेतच इंजेक्शन का देतात?

दंडावर लस टोचून झाली, आता जखमेत आणखी सुई कशाला? मूल रडत असते, तेव्हा पालक हमखास हा प्रश्न विचारतात. काही जण तर तेवढ्यावरच घरी निघतात. तसे करू नका. जखमेतले इंजेक्शन ही लस नसून त्यात तयार अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडे असतात.

रेबीजच्या विषाणूवर बाहेरून काट्यांसारखी ‘जी’ नावाची प्रथिने असतात. चेतापेशींवरच्या रिसेप्टरना ती चिकटतात आणि विषाणू आत शिरतो. रिसेप्टर हे कुलूप मानले, तर हे प्रथिन त्याची किल्ली. अँटिबॉडी त्या किल्लीलाच जाऊन चिकटतात, मग ती कुलपात बसत नाही. मात्र हे विषाणू नसेत शिरण्याआधी व्हायला हवे. पुढे तो मेंदूकडे सरकतो आणि लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लसीमुळे शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवते, पण त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तोवरचा पहारा या तयार अँटिबॉडी करतात.

पूर्वी त्या फक्त माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून मिळत. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून मोनोक्लोनल अँटिबॉडी बनतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशी अँटिबॉडी भारतात मिळते. डोस वजनावर ठरतो आणि जखमेत व तिच्याभोवती मावेल तितके औषध तिथेच देतात. दुखते, हे खरे आहे.

(काही औषधे उलट कुलूपच अडवतात. एचआयव्हीवरील इबालिझुमॅब पेशीवरच्या सीडी४ रिसेप्टरला चिकटते. रेबीजमध्ये मात्र विषाणूलाच पकडले जाते.)

चावल्यावर किंवा ओरखड्यातून रक्त आले असेल, अथवा उघड्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाच्या आतल्या भागाला कुत्र्याची लाळ लागली असेल, तर हे इंजेक्शन लागते. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना काहीही लावू नका. अँटिबॉडी पहिल्याच दिवशी मिळाल्या तर उत्तम. राहून गेल्या असतील तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतात. नंतर देत नाहीत, कारण तोवर लसीचा परिणाम सुरू झालेला असतो. पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर सहसा हे इंजेक्शन लागत नाही. म्हणून जुना लसीकरणाचा कागद सोबत न्या. आणि जखमेत इंजेक्शन घेतले तरी लसीचे उरलेले डोस ठरलेल्या तारखांना घ्यावेच लागतात.