पाचटाचं पान, उजवा डोळा

हा घटनाक्रम कुणा एका बाईचा नाही. उसाच्या फडात डोळ्याला पान लागल्याच्या हकिकती बहुधा ज्या वळणाने जातात, ते वळण इथे ३४ वर्षांच्या एका ऊसतोड मजूर बाईच्या रूपाने मांडलं आहे. शेवटी तिचा उजवा डोळा जातो.

पहिला दिवस, पहाटे ५:१०. तास ०.
जानेवारी, पश्चिम महाराष्ट्रातला फड, अजून अंधार. नवरा तोडतो, ती मोळी बांधते. वाकताना पाचटाचं पान उजव्या डोळ्याला घासून जातं. उसाच्या पानाची कड करवती असते. ती डोळा मिटते, पदराने पुसते, पुन्हा मोळीला हात घालते.

५:२५.
शेजारच्या कोयत्यावरची बाई पदराचा बोळा करते, फुंकर घालून डोळ्याला शेक देते. आत काही दिसत नाही. दिसणारही नसतं. ओरखडा पारपटलावर आहे, बुबुळावरच्या काचेसारख्या चकतीवर. तिची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. फ्लुओरेसिनची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं, तर तो हिरवा उठून दिसला असता.

सकाळी ११:००. तास ६.
डोळ्यातून पाणी, उन्हाकडे पाहवत नाही. सरकारी दवाखाना ७ किलोमीटरवर. नवराबायको मिळून एक कोयता. एक उठला की दोघांचं काम थांबतं, मुकादमाच्या वहीत खाडा लागतो आणि तो उचलीच्या हिशेबात येतो. ती जात नाही. या हिशेबात तिचं काही चुकलेलं नाही.

रात्री ११:१०. तास १८.
ती कोपीत झोपली आहे.
नेपाळमधल्या भक्तपूरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तिथे गावातले आरोग्यसेवक असे ओरखडे शोधत आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम देत, दिवसातून ३ वेळा, ३ दिवस. इजेपासून १८ तासांच्या आत ज्यांना ते मिळालं, त्यांच्यातल्या एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. त्यासाठी ना शस्त्रक्रिया लागली, ना मोठं रुग्णालय. मलमाची नळी आणि ती वेळेत पोचवणारा माणूस, एवढंच.

दुसरा दिवस, संध्याकाळी ६:१०. तास ३७.
डोळा लालभडक. नवरा गावातल्या मेडिकलमधून थेंब आणतो. बाटलीत प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. दुकानदाराला दोष देता येईल, पण त्या वेळी फडाजवळ उघडं असलेलं दार त्याचंच होतं.

तिसरा दिवस, सकाळी ७:००. तास ५०.
लाली उतरली आहे. ठणका कमी. ती म्हणते, गुण आला.
या सगळ्या घटनाक्रमातला सर्वांत वाईट तास मी हा धरतो. वाळक्या पानांवर फ्युजेरियम, ॲस्परजिलस अशा बुरशी असतात. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराची कुमक तिथे उशिरा पोचते. स्टेरॉइड ती कुमकही रोखतं. लाली आणि ठणका हीच डोळ्याची हाक होती. थेंबांनी ती बंद केली. बुरशी वाढतच राहिली.

सहावा दिवस, दुपारी १:३०.
बुबुळावर पांढरा ठिपका, मोहरीएवढा. म्हातारी बाई पाहून म्हणते, फूल पडलं. डावा डोळा झाकला तर ट्रॉलीचा नंबर वाचता येत नाही. पंधरवड्याचं बिल चार दिवसांवर आलं आहे. बिल झालं की जाऊ, असं ठरतं. थेंब चालूच.

दहावा दिवस, सकाळी ११:४५.
तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ. ठिपक्याचा पसरून व्रण झाला आहे, कडा पिसासारख्या. बुबुळाच्या तळाशी पुवाची आडवी रेघ. डॉक्टर व्रण खरवडून काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसतात. ही तपासणी पहिल्या आठवड्यातही एवढीच सोपी होती.
आधीची बाटली बंद. नॅटामायसिन ५ टक्के, दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. जिल्ह्याच्या रुग्णालयात भरती व्हा, असं चिठ्ठीवर लिहिलेलं.

दहावा दिवस, रात्री ९:००.
भरती झालं तर दोन पोरं कोपीत कुणाकडे, याला उत्तर सापडत नाही. थेंब इथेच घालायचे ठरतात. पहाटे चारला फडावर जाणारा नवरा रात्री अकरा, बारा आणि एकला उठतो. दोनला त्याला जाग येत नाही.

चौदावा दिवस, पहाटे ३:२०.
डोळ्यातून अचानक कोमट पाणी वाहतं आणि ठणका एकदम उतरतो. पारपटल फुटलं आहे. आतला दाब गेला म्हणून दुखणं थांबलं. तिला वाटतं, नवं औषध लागू पडलं.

सकाळी १०:४०.
जिल्ह्याचं रुग्णालय. छिद्रात आतला रंगीत पडदा अडकलेला. उजेड कुठल्या बाजूने येतो, एवढंच तिला सांगता येतं. नेत्रदानातून पारपटल मिळालं तर डोळ्याचा गोळा वाचवायचा प्रयत्न होईल. नजर परत येण्याची आशा डॉक्टर देत नाहीत.
ती विचारते, "ती पहिली बाटली चांगली होती. ती बंद केली म्हणून बिघडलं का?"