भट्टीचा हात आणि ओव्हनचा आकडा

नाताळच्या दिवसांत केक वरून करपला, मधोमध बसला आणि आत कच्चा राहिला, की घरात दोष दिला जातो तो बहुधा करणारीच्या हाताला. 'हिच्या हाताला गुणच नाही' असा निकाल सुनेवर किंवा लेकीवर लागतो. ओव्हनला मात्र कोणी जाब विचारीत नाही. कारण त्याच्या बटणाभोवती आकडे छापलेले असतात आणि छापील आकड्यावर आपला फार विश्वास. हे आकडे तेथे कसे आले, याचा इतिहास पाहिला तर तो निकाल पुष्कळदा अन्यायाचा ठरतो.

भट्टी फार पुरातन आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरीत पावाच्या भट्ट्या आणि कोळसा झालेले पाव उत्खननात सापडले. रोमन लोक भट्टीला 'फुर्नुस' म्हणत. त्याच शब्दाचे पोर्तुगीज रूप 'फोर्नु', आणि १५१० नंतर पोर्तुगिजांच्या अमलाखाली आलेल्या गोव्यात कोकणी माणसाच्या तोंडी तो 'फोर्न' झाला. गोव्याच्या पोदेराची ही भट्टी रीतीने रोमन भट्टीचीच वंशज आहे. घुमटाच्या पोटात लाकूड जाळायचे, भिंती तापल्या की निखारे बाजूला ओढायचे आणि मग भिंतींनी साठवलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. विस्तव भाजत नसे. भाजत असे ती भिंत. म्हणून भट्टी घाईने तापवून चालत नसे आणि तिचे तोंड विनाकारण उघडे ठेवूनही चालत नसे. उष्णता मोजायला साधन नव्हते. पाववाला भट्टीत हात धरून पाही, किंवा चिमूटभर पीठ तळावर टाकून ते किती वेळात तांबूस होते ते पाही. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या व्यवस्थेत मोठा पालट झाला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि म्युनिक येथे बव्हेरियाच्या राज्यकर्त्याची सेवा करणाऱ्या काउंट रम्फर्डने (१७५३–१८१४) उघड्या चुलीत किती जळण वाया जाते, हे दाखवून दिले. त्याने विस्तव बंदिस्त केला आणि भाजण्यासाठी लोखंडी पेटी योजिली. पुढे १८२६ मध्ये इंग्लंडात जेम्स शार्प याने गॅसच्या शेगडीचे पेटंट घेतले आणि त्याच शतकाच्या अखेरीस विजेच्या शेगड्या आल्या. जाड भिंत गेली, पातळ पत्रा आला. पत्रा उष्णता फारशी साठवीत नाही. ती सतत पुरवावी लागते आणि योग्य वेळी थांबवावीही लागते. येथेच नियंत्रकाची गरज निर्माण झाली.

त्याचे बीज मात्र जुने होते. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयास असलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाने अंडी उबवण्याची एक पेटी केली होती. तिच्यातील द्रव तापून फुगला की पारा वर सरके आणि विस्तवाकडे जाणारी हवा आपोआप कमी होई. १८३० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युर याने दोन भिन्न धातूंची जोडपट्टी वापरणाऱ्या नियंत्रकाचे पेटंट घेतले. तापल्यावर एक धातू अधिक पसरतो, दुसरा कमी; त्यामुळे पट्टी वाकते आणि वाकता वाकता झडप मिटते. आपण आज ज्याला थर्मोस्टॅट म्हणतो, तो हाच. १९२३ मध्ये इंग्लंडात 'रेग्युलो' हा नियंत्रक बसवलेला गॅस ओव्हन बाजारात आला आणि गृहिणीच्या हाती अंशांऐवजी सोपे क्रमांक आले. जुन्या इंग्रजी पाककृतींत 'गॅस मार्क ४' असे जे लिहिलेले आढळते, ते याच परंपरेतले. त्याचा अर्थ सुमारे १८० अंश सेल्सिअस.

तेव्हा बटणावरचा आकडा हे मोजमाप नव्हे. ती आपण यंत्राला केलेली आज्ञा आहे. ती पाळली जाते की नाही, हे वेगळे पाहावे लागते. ओव्हन नीट तापत नसेल, तर या इतिहासातूनच तीन प्रश्न निघतात.

पहिला : उष्णता टिकते काय? केक आत ठेवण्यापूर्वी ओव्हन पुरता तापू द्यावा. दाराभोवतीची पट्टी झिजली असेल, किंवा दार पुनःपुन्हा उघडले जात असेल, तर उष्णता निसटते.

दुसरा : उष्णता निर्माण होते काय? विजेच्या ओव्हनमध्ये वरचा व खालचा असे दोन तापणारे दांडे असतात. खालचा जळाला तर केक वरून तांबूस आणि खालून कच्चा निघतो. शिवाय दांड्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा दांडा १९० व्होल्टवर जेमतेम १३६५ वॅट देतो. सणाच्या संध्याकाळी गावभर दिवे लागले आणि वीज मंदावली, तर त्यात सुगरणीचा काय अपराध?

तिसरा : उष्णता नीट मोजली जाते काय? थर्मोस्टॅटची नळी जागची सरकली किंवा पट्टी थकली, की यंत्र १८० समजून १५० वरच थांबते. ओव्हनमध्ये ठेवण्याचा साधा तापमापक मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवून अर्ध्या तासात तीनचार वेळा आकडा टिपून घ्यावा. नियंत्रक उष्णता चालू-बंद करीत असल्याने आकडा थोडा खालीवर होणारच. पण सरासरी सतत पंचवीस-तीस अंशांनी कमी भरली, तर दोष कुठे आहे ते उघड होते. दुरुस्ती होईपर्यंत बटण तेवढे पुढे ठेवून काम भागवता येते. मात्र आतल्या विजेच्या तारांना आणि गॅसच्या नळीला घरच्या कोणीही हात लावू नये. ते जाणत्या कारागिराचे काम आहे.

पोदेर आपल्या भट्टीला ओळखत असे, कारण आकडा नसल्यामुळे ओळखणे त्याला भागच होते. आकडा आला आणि ती ओळख सुटली. ती पुन्हा जोडण्यास एक तापमापक आणि एक दुपार पुरेशी आहे. ओव्हनची अशी साक्ष काढल्यावाचून कोणाच्याही हाताला दोष देऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.