तळटीप २३ : ‘नामांतराचं साल’

२३. म्हणजे १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यात त्यांचा जोर मोठा होता. घरे पेटवली गेली, कुटुंबे रातोरात शहराकडे पळाली. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळले. नामविस्तार झाला तो थेट १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याआधी नोव्हेंबर १९९३मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले होते. थोडक्यात, हे ‘साल’ १५ वर्षे चालले.

आईची बीपीची गोळी ‘त्याच सालची’ असे निवेदक म्हणतो. एका माणसाच्या रक्तदाबाचे खापर एका रात्रीवर फोडता येत नाही, हे खरे. तरी त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. भीतीने ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल वाढते, नाडी धावू लागते, रक्तवाहिन्या आकसतात. धोका टळला की शरीर निवळते. पण ज्यांनी घर पेटवले त्यांच्याच दारावरून रोज पाण्याला जायचे असेल, तर निवळायचे कधी? अमेरिकेत २००८पासून ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो येथील १६ हजारांहून अधिक लॅटिनो स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. त्यांतही दीर्घकाळ ताण सोसणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि उच्च रक्तदाब अधिक आढळला.

निवेदकाचे मामा राहत ते लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९८२मध्ये झाला.