तीन सेन्सर, एक आकडा: कंट्रोल सॉफ्टवेअर इनपुट सिग्नल कसा निवडतं?

बारामती तालुक्यातले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यातला भवानीनगरचा छत्रपती, हे साखर कारखाने सगळ्यांच्या ओळखीचे. गाळप हंगामात अशा कारखान्यांचे बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतात. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी फार उतरलं तर नळ्या तापून फुटू शकतात. फार चढलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती खराब होतात. म्हणून पाण्याची पातळी मोजायला तीन ट्रान्समीटर लावण्याची पद्धत आहे. मग सॉफ्टवेअरने खरं कुणाचं मानायचं?

सरासरी का नको?
समजा रीडिंग ५०, ४८ आणि ५१ टक्के आहेत. तिसऱ्याची वायर तुटली आणि रीडिंग ० झालं. सरासरी एकदम ३३ वर येते. कंट्रोलरला वाटतं पाणी कमी झालं. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि पुरेशा भरलेल्या ड्रममध्ये आणखी पाणी सोडतो.

मधला आकडा घ्या
म्हणून अशा ठिकाणी मी मीडियन वापरतो. आकडे चढत्या क्रमाने लावायचे, मधला उचलायचा. ०, ४८, ५० मधून ४८ मिळतो. एक सेन्सर कितीही चुकला तरी निकाल फारसा हलत नाही.

त्याआधी तपासणी हवी. ४ ते २० मिलीअँपिअरच्या सिग्नलमध्ये शून्य पातळीलाही ४ येतात. त्यामुळे करंट ३.६ च्या खाली गेला की तो सेन्सर बाद धरायचा.

दोनच उरले तर?
दोघं जुळतात तोवर सरासरी चालते. मर्यादेबाहेर फरक पडला, तर खरं कोण हे सॉफ्टवेअरला कळत नाही. तिथे अलार्म देऊन ताबा ऑपरेटरकडे द्यावा. निवड बदलताना नव्या आकड्याकडे हळूहळू जावं, नाहीतर व्हॉल्व्हला झटका बसतो.

एकावरच विसंबलं की काय होतं? २०१८ आणि २०१९ मध्ये कोसळलेल्या दोन बोइंग ७३७ मॅक्स विमानांत एमकॅस ही प्रणाली एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकत होती. विमानांतले ३४६ जण गेले. सुधारित सॉफ्टवेअर दोन सेन्सर ताडून बघतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा: तिन्ही ट्रान्समीटर एकाच पाइपवर असतील आणि तोच तुंबला, तर तिघं मिळून चुकतात. तिथे मीडियनही चुकीचाच येतो. म्हणून जोडणीही वेगवेगळी हवी.