हर्षलाची कडी : १० मार्च १९७७

मराठी पंचांगात ज्याला ‘हर्षल’ म्हणतात, तो युरेनस ग्रह. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलने तो शोधला आणि आपल्याकडे शोधकर्त्याचेच नाव ग्रहाला चिकटले.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षे या ग्रहाविषयीचे ज्ञान तुटपुंजेच राहिले. सूर्यापासून सुमारे २९० कोटी किलोमीटरवरचा हा बर्फमय महाकाय ग्रह मोठ्या दुर्बिणीतही निळसर हिरव्या टिकलीएवढाच दिसे. त्याच्या व्यासाविषयीसुद्धा मोजमापांत मेळ नव्हता.

मग संधी चालून आली. मार्च १९७७ मध्ये युरेनस तूळ राशीतील एका मंद ताऱ्यासमोरून जाणार, असे गणित गॉर्डन टेलर यांनी आधीच मांडले होते. अशा झाकण्याला पिधान म्हणतात. तारा किती वेळ झाकला जातो, यावरून ग्रहाचा आकार काढता येतो. तो कसा मंदावत जातो, यावरून वातावरणाचा अंदाज येतो. हेतू एवढाच होता. कड्यांचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. (हर्शेललाच एकदा कड्याचा भास झाला होता, पण तो त्याने स्वतःच पुढे सोडून दिला.)

कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर उडत होते. वेळेचे गणित थोडे चुकू शकते म्हणून त्यांनी उपकरणे बरीच आधी सुरू केली. ही सावधगिरी फळली. पिधानाला अर्धा तास अवकाश असतानाच तारा काही सेकंद मंदावला आणि पूर्ववत झाला. मग पुन्हा. ढग म्हणावा, तर विमान ढगांच्या कितीतरी वर होते.

त्याच रात्री तामिळनाडूतील कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून तोच तारा पाहत होते. त्यांच्याही नोंदीत प्रकाश क्षणभर घसरला. त्यांनी ‘नेचर’मध्ये त्याचा अर्थ लावला, तो युरेनसचा नवा उपग्रह असा. हा अर्थ टिकला नाही, पण नोंद अस्सल होती. एलियट यांच्या गटालाही आरंभी लहान उपग्रहांचाच संशय होता. निर्णय झाला तो ग्रहाच्या दुसऱ्या बाजूच्या आलेखामुळे. आधी जितक्या अंतरांवर तारा मंदावला होता, जवळपास तितक्याच अंतरांवर तो नंतरही मंदावला. उपग्रह असे जोडीजोडीने दोन्हीकडे उभे राहत नाहीत. ती कडी होती. तोवर कडी म्हणजे फक्त शनीची, असाच समज होता.

ही कडी शनीसारखी रुंद व झळाळती नव्हेत. बहुतेक जेमतेम काही किलोमीटर रुंद आणि कोळशासारखी काळी. म्हणूनच ती इतकी वर्षे लपली. एप्सिलॉन कडे तर पूर्ण वर्तुळाकारही नाही, त्याची रुंदी जागोजागी सुमारे २० ते ९६ किलोमीटर अशी बदलते. युरेनसचा अक्ष सुमारे ९८ अंश कललेला असल्याने कडीही ग्रहासोबत आडवी झाली आहेत.

एवढी अरुंद कडी विखरत का नाहीत? १९७९ मध्ये गोल्डराइख आणि ट्रीमेन यांनी सुचवले की आतबाहेर फिरणारे छोटे उपग्रह, मेंढपाळ कळप राखतात तसे, त्यांना आवरत असावेत. २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर २ यान युरेनसजवळून गेले. त्याच्या छायाचित्रांत एप्सिलॉनच्या दोन्ही बाजूंना असे दोन उपग्रह सापडले : कॉर्डेलिया आणि ओफेलिया.